बारा डबे छर्रे

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत पेढीवर मी बावीस वर्षं हिशेब लिहितो. पोत्यामागे कडता, म्हणजे वजनातली सूट, किती धरायची, काट्यावर कुणाचं बोट टेकलं, यावरून रोज एक तरी भांडण ऐकतो. त्यामुळे वजनात आपल्याला कुणी फसवणार नाही, अशी माझी घमेंड होती. फसलो ते नेमकं वजनातच, आणि तेही अर्ध्या ग्रॅमहून हलक्या वस्तूत.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पन्नास मीटर रायफलमध्ये ब्राँझ मारलं. त्याआधी चारच दिवस मनू भाकरचं एअर पिस्तुलातलं पदक झालं होतं. कोल्हापूर आमच्यापासून तासाभरावर. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत ही तिथल्या नेमबाजांची नावं आधीपासून कानावर होती, पण माझ्यासारख्या बावन्न वर्षांच्या कारकुनाला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की बघूया तरी. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० जूल ऊर्जेच्या आतल्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही, हे कळलं आणि धीर आला. एक वापरलेलं पण चांगलं पिस्तूल घेतलं. रविवारी सकाळी मिरज रस्त्यावरच्या रेंजवर जायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, गुडघ्याचं बघा आधी." पण या खेळात उभं राहायचं असतं, पळायचं नाही, हे तिला पटवलं.

दहा मीटरवरचं लक्ष्य म्हणजे कागदाचं कार्ड. त्यातलं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. तिथं गोळी नाही, शिशाचा छर्रा जातो. छर्ऱ्याचं डोकं सपाट, म्हणून कार्डाला स्वच्छ गोल भोक पडतं. मागचा भाग पोकळ आणि पातळ, त्याला आम्ही घागरा म्हणतो. मागून हवेचा दाब आला की घागरा फुलतो आणि नळीतल्या पिळाला घट्ट धरतो. घागरा एका बाजूला जरी चेपलेला असला, तरी नळीच्या तोंडातून बाहेर पडताना हवा तिरकी सुटते आणि छर्रा मान वाकडी करून जातो. डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५०, यावरसुद्धा फरक पडतो. शिवाय एका पिस्तुलाला जो लॉट, म्हणजे कारखान्यातली जी खेप, मानवतो, तो शेजारच्या पिस्तुलाला मानवेलच असं नाही. म्हणून जाणकार मंडळी वेगवेगळे लॉट आणून आपल्या पिस्तुलातून मारून बघतात आणि जमला की त्याच लॉटचे डबे साठवतात.

परदेशात हौशी लोक खऱ्या पिस्तुलाची काडतुसं घरी भरतात. वापरलेलं पितळी कवच, नवा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), तोलून घातलेली दारू आणि वर गोळी. थोडं थोडं बदलत आपल्या हत्याराला काय मानवतं ते शोधायचं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा गुन्हा आहे, त्यामुळे तो नाद इथं करायचाच नाही. पण त्या नादातला मोह आपल्यापर्यंत पोचतो. 'खास तुमच्या पिस्तुलासाठी' हे शब्द ऐकले की माणूस विरघळतो. मी विरघळलो.

तो रेंजवरच भेटला. स्वतःला जुना नेमबाज म्हणवून घ्यायचा. गळ्यात आवाज अडवायला कानावर लावतात त्या मफची जोडी अडकवलेली. एअर पिस्तुलाला तिची काय गरज, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला पहिल्याच दिवशी 'काका' म्हणाला. पिस्तुलाचा फोटो काढला, मॉडेल विचारलं आणि पुढच्या रविवारी जर्मन कंपनीचा एक डबा घेऊन आला. पाचशे छर्रे. "काका, हाताने निवडलेत. एकेक तोलून. पैसे नंतर द्या, आधी मारून बघा."

मी मारून बघितलं. खरंच चांगले निघाले. पाच-पाचच्या फैरीत छर्रे एकाच जागी बसायला लागले. शंभरपैकी नव्वदच्या वर स्कोअर जायला लागला, तसा मी त्याला भडंगाची दोन पाकिटं नेऊन दिली. स्वतःहून. आता आठवलं की हसू येतं.

महिन्याभरानं त्यानं सांगितलं की तुमच्या पिस्तुलाला हाच लॉट लागतो आणि तो संपत आलाय. पुढचा लॉट कसा निघेल सांगता येत नाही. सोबत त्यानं एक कार्ड दाखवलं. पिस्तूल शिकंज्यात धरून मारलेले पाच शॉट, पाचही भोकं एकमेकांत मिसळून तिपानी पानासारखी झालेली. मागे पेनानं लॉट नंबर आणि तारीख. बारा डबे एकदम घेतले तर बावीसशेप्रमाणे. दुकानात याहून स्वस्त मिळतात, हे मला माहीत होतं. पण दुकानात 'निवडलेले' मिळत नाहीत ना! २६,४०० रुपये मी यूपीआयनं पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, "काका, आपल्यात बिल?" आठ दिवसांत डबे आले.

पुढचे पाच महिने मला लिहायला लाज वाटते. पहिल्या डब्यानंतर माझा नेम बिघडला. आठ, सात, मधूनच एखादा दहा, मग थेट सहा. त्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "वय, काका. मनगट." मला ते पटलं! मी नवीन चष्मा केला. लाकडी मूठ तासून घेतली. भरलेली पाण्याची बाटली हातात धरून रोज रात्री दहा मिनिटं भिंतीसमोर उभा राहायला लागलो. ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन पाहिजेच असा नियम आहे. ते तपासून घ्यायला कोल्हापूरला दोन खेपा मारल्या. एका रात्री चहाचा कप धरताना हात थरथरतोय का ते बघत बसलो होतो. बायकोनं न विचारताच डॉक्टरांची वेळ घेतली. बारा डब्यांचे पैसे गेले ते गेले, पण स्वतःच्या हाताबद्दल मनात जो संशय बसला तो त्याहून महाग पडला.

सुटका केली ती आमच्या प्रशिक्षक बाईंनी. त्यांनी माझं पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवलं आणि स्वतः पाच छर्रे मारले. त्यांचेही भोवताली पसरले. मग त्यांच्या डब्यातले पाच माझ्याच पिस्तुलातून. बटणाखाली झाकतील इतके जवळ. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचा हात बरा आहे. डबा बघा."

माझा एक मित्र विट्याचा. त्या भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरलीत. हा तिकडून परत येऊन सांगलीत स्थिरावलाय. त्याच्याकडे काचेच्या पेटीतला मिलिग्रॅमचा काटा आहे. पहिल्या चांगल्या डब्यातले वीस-पंचवीस छर्रे नशिबानं पिशवीच्या तळाशी उरले होते. त्यानं चिमट्यानं एकेक उचलून तोलायला सुरुवात केली. डब्यावर ०.४५ ग्रॅम छापलंय. जुने छर्रे एकामागून एक त्याच्याच आसपास, पाच-सहा मिलिग्रॅमच्या आत. नव्या डब्यातला पहिला ०.४३, दुसरा ०.५१, तिसरा ०.४७. पंधराव्यानंतर त्यानं चिमटा खाली ठेवला. "आण्णा, असं सोनं कुणी माझ्याकडे आणलं असतं तर मी त्याला चहा पण विचारला नसता." मग भिंग डोळ्याला लावून त्यानं घागऱ्याच्या कडा दाखवल्या. कुठं बारीक कुसळ, कुठं चेपलेलं. खेळण्यातल्या बंदुकीचे स्वस्त छर्रे असतात तसले. आत झाकणाखालची स्पंजची चकतीसुद्धा कात्रीनं हातानं कापलेली, कडेला कोपरे दिसत होते. बाराही डब्यांवरच्या लॉट नंबरच्या चिठ्ठीवर शाईचा ठिपका एकाच जागी. एका चिठ्ठीच्या बारा झेरॉक्स.

आणि ते कार्ड! मी ते देवघराच्या फळीवर जपून ठेवलं होतं. शिशाचा छर्रा कागदातून जाताना भोकाच्या कडेला राखाडी डाग सोडतो. बोट फिरवलं तर बोटाला लागतो. त्या कार्डावरच्या एकाही भोकाला डाग नव्हता. कडा पांढऱ्याशुभ्र. चपलेच्या पट्ट्याला भोक पाडायचं पंच असतं ना, त्यानं नीट बसून पाडलेली ती पाच भोकं.

तोपर्यंत छर्रे विकणाऱ्याचा फोन बंद झाला होता. रेंजवर विचारलं तेव्हा आमच्यासारखेच आणखी तिघं निघाले. एकाकडे हुबेहूब तसंच कार्ड. आम्ही चौघं पोलीस ठाण्यात गेलो. 'पिस्तूल' आणि 'गोळ्या' हे शब्द ऐकून हवालदार खुर्चीत ताठ बसले. छर्रे टेबलावर ओतले तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. तक्रार घेतली, पण पहिला प्रश्न तोच, बिल कुठंय? १९३० या सायबर हेल्पलाइनवर पैसे गेल्या गेल्या फोन केला तर खातं गोठवायची काही आशा असते. मी केला पाच महिन्यांनी. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीची फी नाही, हेही कळलं. पण विकणाऱ्याचं खरं नाव आणि पत्ता आमच्या चौघांकडेही नाही.

आता मी बिलाशिवाय डबा घेत नाही आणि नवा डबा आला की आधी त्याची परीक्षा घेतो. वाळूच्या पिशवीवरून दोन कार्डं मारतो, एक जुन्या डब्यातलं, एक नव्यातलं. दोन्ही शेजारी ठेवतो. मग मित्राकडे वीस छर्रे तोलायला नेतो. त्याला त्याची आता इतकी सवय झालीय की तोच फोन करून विचारतो, नवीन माल आला का म्हणून. (शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवा, हे मात्र त्यालाही सांगावं लागतं.)

एक कोडं उरलं होतं. त्या फसवणाऱ्याकडे खऱ्या कंपनीचे इतके डबे आले कुठून? रेंजवर झाडलोट करणाऱ्या पोरानं ते सोडवलं. "काका, रिकामे डबे तेच न्यायचे की! म्हणायचे, खिळे ठेवायला बरे पडतात." बारापैकी किमान एक डबा तर माझाच असेल, कारण झाकणावरचा एक ओरखडा मला ओळखीचा वाटतो. तेव्हापासून डबा रिकामा झाला की मी तो रेंजच्या पायरीवर ठेवतो, बुटाच्या टाचेनं सपाट करतो आणि मगच भंगाराच्या पोत्यात टाकतो.