नायकाचा झाला मेजर, तोही छापील

जुन्या फोटोवरून 'हाताने काढलेलं ऑइल पेंटिंग' करून देतो, अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर सारख्या दिसतात. घरात कुणा फौजी आजोबा-पणजोबांचा फोटो असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

आमचे चुलत आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत नायक या हुद्द्यावर होते. १९४४ मध्ये इटलीत लढताना गेले. (याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर मिळालं, ते याच मोहिमेत.) मागे राहिला बेळगावच्या स्टुडिओतला एकच फोटो. विशीतला पोरगा, कडक इस्त्रीचा गणवेश, बाहीवर नायकाच्या दोन फिती.

अशाच एका जाहिरातवाल्याशी सौदा अठरा हजारांना ठरला, निम्मे आगाऊ. त्याला मूळ फोटोच हवा होता. वडिलांनी साफ नकार देऊन स्कॅन पाठवला, हे फार बरं झालं. मग फोन आला, "दादा, मेडल किती टाकू? एकाचे पाचशे पडतील." पदकं काय भाजीवरची कोथिंबीर आहेत? आम्ही नको म्हटलं. कॅनव्हासवर ब्रश फिरतानाचे व्हिडिओ मात्र येत राहिले. उरलेले पैसे पोचल्यावरच पार्सल निघालं.

चेहरा आजोबांचाच होता. पण खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह! हे राजचिन्ह देशाने स्वीकारलं २६ जानेवारी १९५० ला, आणि खांद्यावर ते एकटंच असलं की हुद्दा मेजरचा. बाहीवरच्या फिती गायब. छातीवर जांभळी रिबन, म्हणजे परमवीर चक्र. तेही १९५० सालचंच. कुठल्या तरी तयार गणवेशावर डोकं चिकटवलं होतं.

मग भिंग लावलं. गालाच्या रंगात निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके, म्हणजे सरळ छपाई. वरून पारदर्शक जेल फासलेलं. मिशीवरून निघालेला एक फटकारा थेट कॉलरवर उतरला होता, खालचे रंग बदलले तरी त्याला पत्ता नाही. व्हिडिओत फिरत होता तो हाच जेलचा ब्रश. म्हणून कोऱ्या कॅनव्हासवरच्या कच्च्या रेखाटनापासून फोटो मागा, आणि गणवेश रंगवण्याआधी हुद्द्याच्या खुणा लेखी कळवा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. पैसे घेऊन माणूस गायबच झाला, तर सायबर फसवणुकीसाठी १९३० आहे. आमचा अजून फोन उचलतो. म्हणतो, "प्रमोशनच दिलंय की दादा!"