घरीच उघडलेले ब्रेक कॅलिपर: दहा महिन्यांनंतर

आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो, की आधी पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन बघायची सवय लागलीय. गेल्या दिवाळीपूर्वी डावं चाक असं तापायचं की जळका वास गाडीत यायचा. सरळ रस्त्यावरही गाडी डावीकडे ओढायची. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड आवळून चाक थांबवणारा भाग, जाम. गॅरेजवाल्याने नवाच घालायला सांगितला, अडीच हजार. सील किट, म्हणजे आतल्या रबरांचा संच, मिळत होतं 350 रुपयांना. गाडी 14 वर्षांची, मुक्काम रत्नागिरीत, वारा खारा. म्हटलं, उघडून तर बघू.

हत्यारं म्हणाल तर पान्यांचा सेट, जॅक, दोन स्टँड (नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका), सुताराचा क्लॅम्प आणि आईची प्लॅस्टिकची क्रोशाची सुई. पॅडला ढकलणारा पिस्टन काढायला कॉम्प्रेसर लागतो म्हणतात. मी होज (ब्रेक ऑइलची नळी) न सोडता पॅड काढले, मध्ये लाकडाची फळी धरली आणि बायकोला ब्रेक हळूहळू दाबायला सांगितलं. पिस्टन कुरकुरत बाहेर आला. त्या फटीत बोट मात्र चुकूनही जाऊ देऊ नका.

आतलं चौकोनी सील हीच यातली गंमत. ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर किंचित पिळतं, सोडला की मूळ आकारावर येताना पिस्टनला मागे ओढतं. पिस्टन मागे घेणारी वेगळी स्प्रिंग तिथे नसतेच. माझं सील सुईने उचकटलं तर वाळलेल्या आंबापोळीसारखं कडक. म्हणून पॅड डिस्कला घासत राहायचे. सिलिंडर ठीक होता, पण पिस्टनच्या क्रोमवर डस्ट बूटखाली (धूळ अडवणारं रबर) गंजाचे खड्डे पडले होते. तिथे पॉलिश पेपर घासत बसलो नाही, नवा पिस्टन आणला. नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवलं, पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबला. तिरका झाला की अडकतो. होजच्या बोल्टचे तांब्याचे वॉशरही नवेच.

मग एअर काढणं, म्हणजे ऑइलमध्ये शिरलेली हवा बाहेर घालवणं. कॅलिपरवरच्या हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी, खाली बाटली. “दाब... धरून ठेव... हं, सोड.” तासभर हेच. शेवटी बायको म्हणाली, “अहो, एवढ्या वेळात माझी गाडी शिकून झाली असती.” त्या नादात मडगार्डवर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवायचं राहिलं, रंग सोलला. तो डाग अजून आहे.

चौथ्या महिन्यात गाडी पुन्हा किंचित ओढायला लागली. पोटात गोळाच आला. पण पिस्टन ठणठणीत होता, अडकली होती खालची स्लाइड पिन, जिच्यावर कॅलिपर सरकतो ती. तिला मी घरातलं साधं पिवळं ग्रीस फासलं होतं. त्याने पिनचं रबर फुगून घट्ट झालं. रबर बदललं, सिलिकॉन ग्रीस लावलं, तेव्हापासून तक्रार नाही. पिस्टनच्या नादात पिनांकडे माझं लक्षच नव्हतं, आणि निम्मं दुखणं बहुधा तिथेच होतं.

उजवीकडचा कॅलिपरही नंतर असाच केला, दुपारभरात. अख्खा पावसाळा गेला, गेल्या रविवारी पुन्हा घाट उतरलो. दोन्ही चाकं सारखीच कोमट. मागचे ड्रम ब्रेक मात्र गॅरेजलाच देतो, त्या स्प्रिंगांशी झटापट करायची माझी तयारी नाही.