गाणं बसताना बघायचं असेल तर: 'द बीटल्स: गेट बॅक'

'बीटल्स' या चौघांच्या इंग्लिश बँडवरची पीटर जॅक्सनची ही तीन भागांची माहितीपट-मालिका २०२१च्या नोव्हेंबरात आली. एकूण लांबी जवळपास आठ तास. मी वेंगुर्ल्यात भजनाला पेटीवर बसतो. यंदा आषाढात, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असताना, आमच्या मंडळाचा पखवाज सांभाळणाऱ्या तात्यांबरोबर ती पाहिली. ज्यानं कधी तालमीला बसून चाल बसवली आहे, त्यानं ती बघायलाच हवी असं माझं ठाम मत आहे.

चित्रण जानेवारी १९६९चं. दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग यांनी तेव्हा बँडच्या तालमींची सुमारे ६० तासांची फिल्म घेतली होती, ध्वनिफिती तर १५० तासांच्या. सुरुवात ट्विकनहॅमच्या थंडगार, अवाढव्य सिनेमा-स्टुडिओत होते. सकाळची वेळ, जॉन लेनन अजून पोचलेला नाही. पॉल मॅकार्टनी बेस गिटार घेऊन नुसता खरडत बसलाय, तोंडानं काहीबाही गुणगुणतोय. समोर ड्रमवाला रिंगो स्टार आणि गिटारवाला जॉर्ज हॅरिसन. जॉर्ज चक्क जांभई देतो. आणि बघता बघता त्या खरडण्यातून 'गेट बॅक' या गाण्याचा मुखडा वर येतो. शब्द नाहीत, फक्त आकार. मग जॉर्जची गिटार त्यात शिरते. ही काही मिनिटं मी पुन्हा मागे नेऊन पाहिली. संगीतावरच्या चित्रपटांत हा क्षण नेहमी सजवून दाखवतात; इथं तो तसाच, जांभईसकट आहे.

शब्द उशिरा येतात, हे तर सगळीकडे दिसतं. 'समथिंग' या स्वतःच्या गाण्याची ओळ जॉर्जला सुचत नाही, तेव्हा जॉन सांगतो की खरा शब्द मिळेपर्यंत 'कॉलीफ्लॉवर' म्हणून पुढे जा. आमचे बुवाही नव्या चालीत आधी 'ना ना रे' भरतात आणि अभंगाचे शब्द मागून बसवतात. तात्या इथं जोरात मांडीवर थाप मारून हसले.

भांडणं आहेत. १० जानेवारीला जॉर्ज शांतपणे बँड सोडून निघून जातो. पण मला त्याहून मोलाचं वाटलं ते २२ जानेवारीला घडलेलं. तोवर मंडळी लंडनच्या सॅव्हिल रो रस्त्यावरच्या, त्यांच्याच कंपनीच्या म्हणजे अ‍ॅपलच्या तळघरात आलेली असतात. जॉर्जही परतलाय. तिथं बिली प्रेस्टन हा अमेरिकी वादक भेटायला येतो आणि इलेक्ट्रिक पियानोवर बसतो. पहिल्याच गाण्यात चौघांचे चेहरे उजळतात. बाहेरचा एक चांगला वादक आला की घरची माणसंही नीट वागायला लागतात, सूर सुधारतो, हे मी पेटीवरून अनेकदा पाहिलंय. पुढे 'गेट बॅक'च्या तबकडीवर बिलीचंही नाव छापलं गेलं. ते योग्यच झालं.

रिंगोबद्दल तात्यांचा शेरा असा: "बोलणा नाय, पण ताल सोडणा नाय!" मला यात काहीही भर घालायची नाही.

उणिवा सांगतो. पहिला भाग लांबतो. तालमींनंतरचा लोकांसमोरचा कार्यक्रम कुठे करायचा, लिबियातल्या जुन्या रंगमंचावर की आणखी कुठे, ही चर्चा फारच वेळा येते. जुनं चित्र इतकं धुऊन काढलंय की काही ठिकाणी चेहरे मेणाचे वाटतात. आवाजावरचं काम मात्र अफाट. एकाच फितीवर मिसळलेलं बोलणं आणि गिटार संगणकानं वेगळी केली आहेत. आपलं बोलणं टिपलं जाऊ नये म्हणून हे लोक मुद्दाम गिटार खाजवत असत; तेही संवाद आता ऐकू येतात.

शेवटी ३० जानेवारीला त्याच इमारतीच्या गच्चीवर झालेलं वादन ४२ मिनिटांचं, तेही इथं पूर्ण आहे. बोचरी थंडी, जॉनच्या अंगावर त्याची जोडीदार योकोचा फरकोट, रिंगोनं बायकोचा लाल रेनकोट घातलाय, खाली पोलीस. तिथली तीन ध्वनिमुद्रणं थेट 'लेट इट बी' अल्बमात गेली. त्यातलं 'वन आफ्टर ९०९' तर जॉन-पॉलनी पोरवयात रचलेलं. ते वाजवताना दोघांकडे बघा.

हेडफोन लावा, इंग्रजी उपशीर्षकं सुरू ठेवा; लिव्हरपूलचे उच्चार पटकन कळत नाहीत. रोज एक भाग पुरे. पहिल्या भागात दम निघत नसेल तर दुसऱ्यात बिली येतो तिथून सुरू करा आणि मग मागे या.