सेलचा कनेक्टर बदलला, त्याला नऊ महिने झाले

नऊ महिन्यांपूर्वी माझ्या रिब्रीदरच्या (सोडलेला श्वास स्वच्छ करून, ऑक्सिजन मिसळून परत देणारं डायव्हिंगचं यंत्र) हेडमधले, म्हणजे सेल आणि वायरिंग असलेल्या भागातले, ऑक्सिजन मोजणाऱ्या सेलचे तिन्ही तीन-पिनी कनेक्टर काढले आणि सोन्याचा मुलामा असलेले कोॲक्सिअल बसवले. त्यानंतर ६२ डाइव्ह झाल्या. परवा सर्व्हिस सेंटरने 'मूळ वायरिंगला हात लावलाय' म्हणून युनिट न उघडताच परत पाठवलं, तेव्हा ठरवलं की सगळं एकदा लिहून काढायचंच.

सुरुवात २२ मीटरवर झाली. सेटपॉइंट, म्हणजे यंत्राने राखायचा ऑक्सिजनचा आंशिक दाब, १.३ बार, आणि २ नंबरचा सेल हँडसेटवर १.२८ वरून ०.९०, मग परत १.३१. बाकी दोघं जागचे हलत नव्हते. बेलआउटवर, म्हणजे सोबतच्या राखीव टाकीवर गेलो, डाइव्ह सोडली. वर येऊन हवेत पाहिलं तर तोच सेल १०.३ मिलिव्होल्ट, अगदी चोख. सेल जात आला असेल असं समजून नवा आणला. चौथ्या डाइव्हला तेच! चांगला चालणारा सेल फेकून दिला याची चुटपुट अजून जात नाही. सेल स्वस्त नसतात, आणि वर्षभरात बदलावे लागतात ते वेगळंच. शेवटी भिंग घेऊन बसलो तेव्हा कनेक्टरच्या मधल्या पिनेवर हिरवट थर दिसला.

हा थर येणारच होता. सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषतो तेव्हा उष्णता आणि पाणी दोन्ही तयार होतात, आपला श्वास दमट असतोच, आणि ही गरम ओली हवा हेडच्या गार भिंतीला लागली की थेंब धरतात. कनेक्टर नेमके तिथेच. १०.३ मिलिव्होल्टचा सेल १.३ ला जेमतेम ६४ मिलिव्होल्ट देतो. एवढ्याशा सिग्नलच्या वाटेत गंजलेली पीन आली की आकडा नाचायला लागतो. माझ्या युनिटचा कंट्रोलर तिघांपैकी वेगळा पडणारा सेल बाजूला ठेवून उरलेल्या दोघांची सरासरी घेतो. म्हणजे एका पिनेपायी धडधाकट सेल मतदानातून बाद.

काम एका दुपारचं. सेल आधी बाहेर काढायचे, सोल्डरिंगची उष्णता त्यांच्यापर्यंत पोचता कामा नये. वायर मी बोटभर जास्त लांब ठेवली, कारण जुनी इतकी आखूड होती की हेड बंद करताना दर वेळी जोडावर ताण यायचा. माझ्या मते गंजाइतकाच दोष त्या ताणाचा होता. प्रत्येक जोडावर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. पुढचे सेल त्याच कनेक्टरचे मागवावे लागतात, एवढीच अडचण. त्यानंतर एकदाही आकडा नाचलेला नाही.

पहिले पाच महिने मी भेटेल त्याला हेच सांगत होतो, की कनेक्टर बदला, प्रश्न मिटला. आता तसं सांगणार नाही. सहाव्या महिन्यात डेको (वर येताना शरीरातला वायू निघून जावा म्हणून घ्यायचे थांबे) संपवताना ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजनने लूप, म्हणजे श्वास फिरतो तो बंद मार्ग, फ्लश केला. तिथे १.६ च्या आसपास दिसायला हवं. १ आणि २ नंबर १.५८, १.५९. ३ नंबर १.४१ वर अडकला, तो वर सरकेचना. हवेत बरोबर, १.३ पर्यंत बरोबर, त्यापुढे त्याच्यात जोरच उरला नव्हता. सेल चौदा महिन्यांचा होता. आकडा स्थिर दिसतोय म्हणून पैसे वाचवायला मी तो ठेवला होता, आणि तो स्थिर दिसत होता नव्या कनेक्टरमुळे. असे दोन सेल एकदम थकले आणि त्यांची मर्यादा सेटपॉइंटच्या खाली आली, तर कंट्रोलर ऑक्सिजन सोडतच राहील, खरा आकडा सांगणारा तिसरा सेल बाद होईल, आणि जास्त ऑक्सिजनमुळे माणसाला पाण्याखाली आकडी येईल. त्या दिवसापासून ६ मीटरची ही तपासणी मी चुकवत नाही. खोलीवर शंका आली तर डायल्युएंट फ्लश, म्हणजे ऑक्सिजनमध्ये मिसळायच्या दुसऱ्या टाकीतल्या वायूने लूप धुऊन काढायचा: तो वायू हवा असेल तर ३० मीटरवर ०.८४ यायला हवं.

सर्व्हिस सेंटरबद्दल. ईएन १४१४३ या रिब्रीदरच्या युरोपीय मानकाखालची चाचणी पूर्ण युनिटची असते, त्यात बदल केल्यावर त्यांनी हेडची जबाबदारी नाकारली हे मला पटतं. पण मी काउंटरलंग (श्वासाच्या पिशव्या) आणि सोलेनॉइड (ऑक्सिजन सोडणारी झडप) तपासायला दिले होते, त्यांना हातही लावला नाही. वर उपाय काय, तर पूर्ण हेड नवं घ्या. युनिटमधल्या सगळ्यात ओल्या जागी इतका साधा कनेक्टर बसवायचा आणि तो गंजला की हेड विकायचं, हे मी मान्य करणार नाही.

सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर मात्र यात पडू नका. सुटलेला जोड गंजलेल्या पिनेपेक्षा वाईट.

आता प्रत्येक सेलवर मार्करने तारीख लिहितो. या महिनाअखेरीस १ नंबर बारा महिन्यांचा होतोय. ६ मीटरवर परवाही १.५९ दाखवत होता. तरी काढणार आहे.