युरेल पास की सुटी तिकिटे?

कोल्हापुरातील दोन मित्र पाठीवर सॅक टाकून, हात आखडूनच स्पेन, इटली आणि ग्रीस पाहणार आहेत. युरोपातील अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा युरेल पास घ्यावा की तिकिटे सुटी काढावीत, यावर त्यांचे अडले आहे.

खर्चाचे पाहू. एसटीच्या 'आवडेल तेथे प्रवास' पासची सवय असलेल्याला युरेलही तसाच वाटतो, पण स्पेनच्या आवे आणि इटलीच्या फ्रेच्चारोसा या वेगवान गाड्यांत पास असूनही आसन आरक्षण सक्तीचे असते व त्याचे पैसे वेगळे पडतात. म्हणून पासची किंमत प्रवासाच्या दिवसांनी भागून त्यात हे शुल्क मिळवावे आणि मगच सुट्या तिकिटांशी ताडून पाहावे. इटलीतील रीजनल, म्हणजे सावकाश धावणाऱ्या प्रादेशिक गाड्यांचे भाडे अंतरावर ठरते व आयत्या वेळी वाढत नाही. रोम ते नेपल्स या गाड्यांना वेळ बराच जास्त लागतो, पण वाचलेल्या पैशांत दोघांचे जेवण निघते. ग्रीसमध्ये तर रेल्वेचे जाळेच तोकडे आहे. तिथे भिस्त केटेल या बससेवेवर, आणि त्या बसमध्ये पास निरुपयोगी.

लवचिकतेत मात्र पास सरस ठरतो, कारण वेगवान गाड्यांची स्वस्त आगाऊ तिकिटे बहुधा बदलता येत नाहीत. आरक्षण किंवा तिकीट काढण्याची कटकट दोन्हीकडे सारखीच.

मुक्काम थोडे, बेत पक्का आणि सवड भरपूर असेल, तर सुटी तिकिटेच घ्यावीत. दर दोन दिवसांनी शहर बदलणाऱ्या, फ्रान्स-स्वित्झर्लंडही जोडणाऱ्या, सत्तावीस वर्षांपर्यंतच्या सवलतीत बसणाऱ्या जोडीला पास परवडू शकतो.