गप्पीचा ब्रीडिंग बॉक्स : पिल्ले वाचतात, मादीचे मात्र हाल

बेळगावातील मत्स्यालयाच्या दुकानांत गप्पी, मोली, प्लेटी आणि स्वोर्डटेल हे मासे बाराही महिने मिळतात आणि त्यांच्या जोडीने काउंटरवर हमखास टांगलेली दिसणारी वस्तू म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा ब्रीडिंग बॉक्स. दीडशे रुपयांच्या आत मिळणारा असा एक डबा गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरच्या टाकीत वापरात आहे. गप्पीच्या बऱ्याच विणी त्यात पार पडल्या असल्याने त्याचे गुणदोष आता खात्रीने सांगता येतील.

डबा साधारण वीतभर लांबीचा असून रबरी वाट्यांच्या साहाय्याने तो टाकीच्या काचेला आतून चिकटवायचा असतो. त्याच्या आत दोन उतरत्या पट्ट्या बसतात आणि तळाशी त्या जिथे एकमेकींजवळ येतात तिथे एक अरुंद फट राहते. गाभण मादी वरच्या कप्प्यात ठेवावी, तिने पिल्ले टाकली की ती फटीतून खालच्या कप्प्यात घसरावीत आणि आईच्या तोंडापासून दूर राहावीत, अशी ही रचना आहे. ही भीती निराधार नाही. गप्पीची मादी भुकेली असो वा नसो, समोर हलणारे काही बारीक दिसले की ते गिळते, मग ते तिने घटकाभरापूर्वी जन्माला घातलेले पिल्लू का असेना. विंचवाची मादीही जिवंत पिल्लेच देते, पण पहिली कात टाकेपर्यंत ती त्यांना पाठीवर वागवते. गप्पीच्या पिल्लांना असे बिऱ्हाड मिळत नाही.

डबा नेमका कुठे कमी पडतो हे समजण्यासाठी मादीच्या पोटात काय घडते ते पाहिले पाहिजे. गप्पीचे अंड्याशी नाते तुटलेले नाही. नराच्या गुदपराचे, म्हणजे पोटाखाली मागच्या बाजूला असलेल्या पराचे, नळीसारख्या अवयवात रूपांतर झालेले असते, त्याच्या साहाय्याने फलन मादीच्या शरीरातच होते, आणि फलित अंडी बाहेर न टाकता ती अंडाशयातच ठेवते. त्या अंड्यांतील गर्भ मुख्यत्वे स्वतःच्या पिवळ्या बलकावर वाढतो. आईकडून त्याला प्राणवायू आणि सुरक्षित जागा मिळते, अन्न फारसे नाही. अंड्याचे पातळ आवरण जन्माच्या सुमारास आतच फाटते आणि सहा-आठ मिलिमीटरचे, अंगाची गुंडाळी केलेले पिल्लू बाहेर पडते. अशा प्राण्यांना अंडजरायुज म्हणतात. आपल्या शिवारातील घोणस आणि फुरसे याच पद्धतीने पिल्ले देतात, तर नाग आणि धामण अंडी घालतात. बाहेर पडलेले गप्पीचे पिल्लू क्षणभर तळाकडे जाते, गुंडाळी सोडते आणि लगेच पृष्ठभागाकडे झेपावते. फिकट रंगाच्या मादीच्या पोटाच्या मागच्या भागातील काळसर डागात शेवटच्या दिवसांत पिल्लांच्या डोळ्यांचे ठिपकेही दिसतात, आणि डब्यापेक्षा ते पाहण्यातच अधिक आनंद आहे.

बलक पुरता संपण्याआधी मादीला धक्का बसला तर ती पिल्ले अवेळी टाकते. डब्यात कोंडलेली मादी हा धक्का हमखास घेते. चारही बाजूंनी काच दिसते, पण वाट कुठेच नाही, त्यामुळे ती तोंडाने भिंतीला धडका देत राहते. अशा वेळी पडलेल्या पिल्लांच्या पोटाशी बलकाची पिवळी पिशवी तशीच लोंबत असते. ती नीट पोहू शकत नाहीत आणि त्यांतील बहुतेक दगावतात. डब्याच्या वेष्टनावर मादीला केव्हा आत ठेवावे याविषयी चकार शब्द नाही, केवळ हसऱ्या माशाचे एक चित्र आहे. ही उणीव दुकानदाराच्या सल्ल्याने भरून निघाली, आणि तो सल्ला डब्यापेक्षा मोलाचा होता. "काका, पोट खालनं चौकोनी दिसायला लागलं की मगच डब्यात घाला बघा. आधी घातलासा तर पिल्लं कच्ची पडत्यात," असे त्याने मादी पिशवीत भरता भरता सांगितले. हा निकष पाळला, तर मादीला काही तासच कोंडून ठेवावे लागते आणि अवेळी प्रसूतीचे प्रकार जवळजवळ थांबतात.

दिवस मोजून मात्र भागत नाही. पुस्तकी हिशेबाने गाभणकाळ तीन ते चार आठवड्यांचा असतो, पण तो पाण्याच्या तापमानावर अवलंबून आहे. बेळगावची थंडी इथे आडवी येते. डिसेंबर-जानेवारीत हीटरशिवाय ठेवलेल्या टाकीत गप्पी सुस्तावतात आणि वीण लांबते, तर 25-26 अंशांवर ठेवलेल्या टाकीत ती बरीचशी वेळेवर होते. शिवाय मादी एकदा नराकडून घेतलेले शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे नर नसलेल्या टाकीतही ती पुन्हा पुन्हा विते. दुकानातून आणलेली एकटी मादी व्याली म्हणून चकित होणारे ग्राहक नेहमी भेटतात.

आता डब्याच्या घडणीविषयी. बाजूच्या चिरा फारच थोड्या आणि बारीक आहेत, त्यामुळे फिल्टरमधून फिरणारे पाणी आत पुरेसे खेळत नाही आणि उरलेले खाद्य तळाशी कुजू लागते. फट प्रसूतीच्या वेळी उपयोगी पडते, पण पिल्ले पोहू लागल्यावर त्याच फटीतून वर येतात आणि आईच्या तोंडी सापडतात. म्हणजे डबा ज्यासाठी घ्यायचा तेच काम तो अर्धवट करतो. रबरी वाट्या काही आठवड्यांत कडक होऊन निसटतात. झाकण मात्र चांगले आहे, कारण मोलीची मादी उड्या मारण्यात पटाईत असते. प्लॅस्टिकचा दर्जा किमतीच्या मानाने वाईट नाही.

आमच्या अनुभवात याहून सरस ठरला तो त्याच दुकानातून डब्याहून कमी पैशांत घेतलेला जावा मॉस या पाण्यात वाढणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीचा एक गुंता. पृष्ठभागाजवळ मोकळा सोडलेला मॉस पिल्लांना लपायला जागा देतो, त्यावरचे सूक्ष्म जीव त्यांना पहिले अन्न म्हणून मिळतात आणि मादीला कोंडावे लागत नाही. सगळी पिल्ले वाचत नाहीत हे खरे, पण एका वेळी वीस-तीस आणि मोठ्या मादीला त्याहून अधिक पिल्ले होत असताना सगळी वाचवून ठेवायची तरी कुठे? जास्तीची पिल्ले मार्कंडेय नदीत किंवा शेजारच्या विहिरीत सोडून द्यावीत, असे सुचवणारे बरेच भेटतात. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खाते गप्पी पाळते आणि योग्य जागी सोडते, ती गोष्ट निराळी. पण हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा मासा आहे, तो घरच्या टाकीतून नदीत जाता कामा नये. आमचा दुकानदार जास्तीची पिल्ले परत घेतो आणि बदल्यात थोडे खाद्य देतो, ही सोय मला फार मोलाची वाटते.

त्यामुळे डबा विकत घ्यायचाच असेल, तर तो पिल्लांसाठी घ्यावा. आतल्या पट्ट्या काढून टाकल्या की मॉसमधून गोळा केलेली पिल्ले पहिले काही दिवस त्यात सुरक्षित राहतात, उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा बारीक कुटलेले खाद्य त्यांना जवळून घालता येते, आणि पर कुरतडलेला मासा वेगळा ठेवण्यासही तो उपयोगी पडतो. या वापरासाठी पाचांपैकी साडेतीन गुण, विणीच्या कामासाठी दोन. जाळीच्या कापडाचा डबाही मिळतो. त्यात पाणी मोकळे खेळते, पण मादीचे पर जाळीत अडकतात, म्हणून लांब शेपटीच्या जातींसाठी प्लॅस्टिकचाच बरा. घेताना जादा रबरी वाट्या मागून घ्याव्यात, त्या सुट्याही मिळतात.