जुना फ्रीज नेणाऱ्यांना पाचपैकी साडेतीन तारे

फ्रीज-एसी दुरुस्तीत माझी बत्तीस वर्षं गेली, त्यामुळे घरचा जुना फ्रीज कुणाला द्यायचा यावर बायकोशी तीन महिने वाद चालला. १९९४ चा, १६५ लिटरचा, एकदाच कॉम्प्रेसर बदललेला. शेवटी शेवटी बर्फ धरेना आणि नुसता घुरघुरायचा. सोबत पिक्चर ट्यूबचा टीव्ही, दोन जळके मिक्सर आणि एक इस्त्री.

भंगारवाला फ्रीजचे अकराशे द्यायला तयार होता. पण तो काय करतो ते मला पाठ आहे. गाडी गल्लीच्या टोकाला गेली की कटरने चार्जिंग लाइन, म्हणजे गॅस भरायची नळी, कापायची, फुस्स, कॉम्प्रेसर वेगळा, तांबं वेगळं, उरलेला डबा कचऱ्यात. त्याला नावं कशाला ठेवू? मीही वर्षानुवर्षं हेच केलं. कॉम्प्रेसर बदलताना गॅस सरळ हवेत सोडायचो. आर-बाराला, म्हणजे जुन्या फ्रीजमधल्या थंड करणाऱ्या गॅसला, वास नसतो, डोळे झोंबत नाहीत, त्यामुळे काही सोडलंय असं वाटायचंच नाही. दुकानाबाहेरच्या भिंतीवर तेलाचे पिवळट फराटे मात्र राहिले. अशा छोट्या फ्रीजमध्ये शंभर-सव्वाशे ग्रॅम गॅस असतो. ओझोनचं नुकसान तर आहेच, शिवाय उष्णता धरून ठेवण्यात हा गॅस वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट. म्हणजे एका फुस्सला टनभर. भारतात त्याचं उत्पादन २००८ मध्ये बंद झालं, पण जुन्या फ्रीजच्या पोटात तो अजून आहे.

म्हणून ई-कचरा घरून नेणारी एक नोंदणीकृत कंपनी गाठली. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

फोनवरच्या मुलीला विचारलं, "गॅस कोण काढतं?" ती म्हणाली, "सर, आमचं सगळं सर्टिफाइड आहे." पुन्हा विचारलं, पुन्हा सर्टिफाइड. तिसऱ्यांदा तिने फोन वरच्या साहेबांना दिला. त्यांनी मात्र नीट सांगितलं: लाइनला पिअर्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे नळीला भोक पाडून घट्ट बसणारा व्हॉल्व्ह, लावतो, रिकव्हरी मशीनने गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेतो, मगच कॉम्प्रेसर सोडवतो. मी म्हटलं, फोटो पाठवा. आला. गेज, होज म्हणजे नळ्या, मशीन सगळं जागेवर, आणि होज वापरून वापरून काळे पडलेले. ते पाहून माझा विश्वास बसला, कारण दाखवायला ठेवलेलं मशीन चकचकीत असतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नोंदणी क्रमांकही न कुरकुरता दिला.

आता तक्रारी. शनिवारी दहाची वेळ दिली, कुणी आलं नाही, फोनही नाही. मंगळवारी अडीचला ऐन जेवणाच्या वेळी टेम्पो दारात. दोघं पोरं आली, वागायला गोड, पण जिन्यात फ्रीज आडवा करायला निघाली! मी ओरडलो. "काका, भंगारातच जाणार ना?" अरे, जाऊ दे भंगारात, पण मागची जाळी जिन्याच्या कठड्यावर आपटून लाइन तिथेच फुटली तर तुमचं ते मशीन काय ओढणार, धूळ? मग दोरी बांधून उभाच उतरवला. धनकवडीतला आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. पोरं घामाघूम झाली. बायकोने ताक दिलं.

फ्रीजचे सातशे मिळाले. मिक्सर आणि इस्त्री वजनावर गेले, दोन्ही मिळून नव्वद रुपये. टीव्हीचे शून्य. त्यावर मी वाद घातला नाही. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, ती फोडून कुणाला काही मिळत नाही. उलट ती नीट ठिकाणी लावायलाच खर्च येतो. भंगारवाल्याने टीव्हीला हातच लावला नव्हता. म्हणजे फ्रीजवर चारशे सोडले, ते कशासाठी सोडले हे मला माहीत आहे.

पावतीवर वस्तू आणि वजन होतं, पण टीव्ही लिहायला विसरले. दुरुस्त पावती नऊ दिवसांनी मोबाइलवर आली, तीही दोनदा आठवण केल्यावर. अर्धा तारा तिथे गेला. पूर्ण तारा मी वेगळ्याच गोष्टीसाठी कापला. फ्रीजच्या भिंतीतल्या फोमचं काय करता, असं विचारलं तर साहेब गप्प. मग म्हणाले, "क्रश करतो." जुन्या फ्रीजच्या फोममध्येही तसलाच गॅस अडकलेला असतो. लाइनमधला गॅस काळजीने सिलिंडरमध्ये भरायचा आणि फोम मात्र उघड्यावर चुरायचा, हे अर्धंच काम झालं.

तुमचा फ्रीज नवा असेल तर त्यात बहुधा आर-सहाशे-ए, म्हणजे आयसोब्युटेन. स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊच. तिथे ओझोनची भीती नाही, पण ज्योत पेटवून कापायला बसणाऱ्याच्या मिशा जातील. बोलावताना तेवढं सांगा.

एकूण साडेतीन तारे. पुढच्या खेपेला वॉशिंग मशीनही त्यांनाच देईन, फक्त शनिवार सांगणार नाही.

आणि हो, फ्रीजखालचा स्टॅबिलायझर पोरं उचलायला निघाली होती. तो दिला नाही. अजून चालतो.